खत नको असलेलं झाड

आमच्या भागात कुणाचं झाड मलूल दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : खत घातलं का? घातलं नसेल तर घाला. घातलं असेल तर कमी पडलं असेल, अजून मूठभर घाला. त्यानंतर पाण्याची चौकशी, मग कीड आणि सगळ्यात शेवटी दृष्ट. हा क्रम मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बहुतेक झाडांच्या बाबतीत तो चुकीचाही नाही. भात, ऊस, नारळ, गुलाब, सगळ्यांना घातलेलं मानवतं. पण माझ्या अंगणात गेली सहा वर्षं असं एक झुडूप उभं आहे, ज्याला हा प्रश्नच लागू होत नाही. त्याला आवडीनं खत घालणं म्हणजे त्याला मारणं.

त्याचं नाव ग्रेव्हिलिया. पूर्ण शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया बँक्सिआय. मराठीत त्याला नाव नाही. शेजारच्या मुली त्याला 'ब्रशचं झाड' म्हणतात आणि ते नाव चांगलं आहे. बंगळूरकडच्या एका नर्सरीतून आलं तेव्हा ते वीतभर होतं, आता माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. पानं नेच्यासारखी चिरलेली, वरून हिरवी आणि खालून रेशमी चांदीच्या रंगाची. घाटावरून वारा आला की पानं उलटतात आणि सगळं झुडूप क्षणभर पांढरं दिसतं. फांदीच्या टोकाला लाल तुरा येतो, बोटाहून थोडा लांब. त्याला पाकळ्या नाहीत. एका दांड्यावर दाटीनं बसलेली बारीक फुलं आणि त्यांतून बाहेर आलेले लाल दोरे, एवढंच.

हे झुडूप ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागातलं. पण त्याच्या घराण्याशी तुमची ओळख आहे, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. सिल्व्हर ओक हे याचंच सख्खं भावंड, ग्रेव्हिलिया रोबुस्टा. शरद पवारांच्या मुंबईतल्या घराच्या नावामुळे मराठी वर्तमानपत्रांत हे नाव दर आठवड्याला छापून येतं. त्याचा ओकशी मात्र काही संबंध नाही. पाचगणीला रस्त्याकडेनं जे उंच, सरळ, चंदेरी पानांचे वृक्ष दिसतात, ते हेच. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं पाचगणी वसवताना ते तिथं लावले. पुढे कोडगूच्या कॉफीमळ्यांत सावलीसाठी आणि मिरीचे वेल चढवण्यासाठी त्याची लागवड झाली. या सगळ्यांचं मोठं कुटुंब म्हणजे प्रोटिएसी. दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रीय फूल किंग प्रोटिया याच कुटुंबातलं आणि महागड्या डब्यांतून मिळणारा मॅकाडेमियाचा दाणाही याच कुटुंबातला. हवा तेव्हा रूप बदलणाऱ्या प्रोटियस या ग्रीक देवावरून लिनियसनं हे नाव दिलं, कारण यातल्या झाडांची रूपं एकमेकांशी जुळतच नाहीत.

रूपं जुळत नसली तरी त्यांची मुळं मात्र जुळतात. ती कशी, ते समजायला आधी आमच्या जमिनीबद्दल सांगायला हवं.

गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. गावाच्या पुढे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहून जास्त. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन हा पाहुणा असतो. इतका पाऊस लाखो वर्षं एका खडकावर पडत राहिला की खडकातलं जे जे विरघळण्यासारखं आहे ते वाहून जातं आणि लोखंड नि ॲल्युमिनियम तेवढं मागं राहतं. तोच आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजी कंपनीच्या डॉक्टरनं मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधताना पाहिले आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. आमच्या शेजारच्या राधानगरी तालुक्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्याही याच कारणानं. ज्या मातीतून ॲल्युमिनियम काढता येतं, त्या मातीत पिकांसाठी फारसं काही उरलेलं नसतं.

म्हणून या जमिनीला सगळे निकस म्हणतात. खाली करवीरकडचे लोक म्हणतात आणि ऐकून ऐकून आम्हीही म्हणतो. 'आमच्याकडं काय, भात नि नाचणी, जमीनच निकस.' सोयरीक जमवतानासुद्धा हे वाक्य येतं. जमीन विकत घ्यायला येणारे तर ते मुद्दाम म्हणतात, म्हणजे भाव पडतो.

मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, अजिबात नसतो असं नाही. असतो, पण लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात. भाताच्या मुळाला तो दिसतो पण घेता येत नाही. म्हणून भाताला वरून द्यावा लागतो. प्रोटिएसी कुटुंबानं या कुलुपाची किल्ली शोधून काढली. ऑस्ट्रेलियातल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या जमिनी अशाच जुन्या, धुऊन निघालेल्या. तिथं ही झाडं मुळांवर बारीक मुळ्यांचे दाट झुबके काढतात, बाटली घासायच्या ब्रशसारखे. हेलन पर्नेल या ऑस्ट्रेलियन संशोधक बाईंनी १९६० मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि त्यांना 'प्रोटिऑइड' मुळं असं नाव दिलं. हे झुबके काही दिवसच जगतात. तेवढ्यात ते लिंबातल्या आम्लासारखी आम्लं मातीत सोडतात, लोखंडानं धरून ठेवलेला स्फुरद सुटा करतात, शोषून घेतात आणि वाळून जातात. पुढच्या ओलीला नवे झुबके येतात. कणभर मिळवण्यासाठी केवढा खटाटोप.

आता अशा झाडाला तुम्ही डीएपीची मूठ घातलीत तर काय होईल, विचार करा. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं. त्यातला ४६ हा आकडा स्फुरदाचा. ज्यानं आयुष्यभर कणकण गोळा करायला शिकून घेतलं, त्याच्यापुढं एकदम पोतं उलटं होतं. भाताचं किंवा उसाचं मूळ पुरे झालं की घेणं कमी करतं. प्रोटिएसीतल्या बऱ्याच झाडांना 'पुरे' म्हणताच येत नाही. त्यांच्या मुळांना ती सवय कधी लागलीच नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. ती घेत राहतात. स्फुरद पानांत साठतो. कोवळी पानं पिवळी पडतात, जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, पानं गळतात आणि झाड जातं. पाहणाऱ्याला वाटतं, उपाशी आहे. म्हणून तो अजून मूठभर घालतो.

ग्रेव्हिलिया बँक्सिआय या बाबतीत आपल्या काही भावंडांपेक्षा सोशिक आहे, तरी तिलाही ही मूठ सोसत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी माझ्याच झुडपाच्या छाटापासून केलेलं रोप एका पावसाळ्यात असंच गेलं. घरातल्या आजींनी रोज उठून त्याच्या बुंध्याशी कोंबडखत टाकलं होतं, फार मायेनं.

हे सगळं मी पुस्तकातून वाचलं, पण मला ते नीट कळलं अब्बांमुळे.

अब्बांनी सोसायटीच्या खत गोदामात तीस वर्षं कारकुनी केली. कुठल्या वाडीतल्या कुणाचं किती क्षेत्र, त्याला किती पोती लागणार, हे त्यांना तोंडपाठ असायचं. १०:२६:२६, १८:४६, १५:१५:१५ हे आकडे मी शाळेतल्या पाढ्यांआधी ऐकले. चार वर्षांपूर्वी त्यांची किडनी कामातून गेली. आता आठवड्यातून दोनदा माझा भाऊ त्यांना कोल्हापूरला डायलिसिसला नेतो. जायला दीड तास, यंत्रावर चार तास, यायला दीड तास. पहिल्या महिन्यात आहाराच्या बाईंनी एक कागद दिला. काय खायचं नाही, त्याची यादी. मीठ आणि पाणी मोजून, पोटॅशियम सांभाळून आणि खाली अधोरेखित केलेला शब्द : फॉस्फरस.

अब्बांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरी, हे तर आपलंच पोतं की."

निरोगी माणसाची किडनी जास्तीचा फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकते. किडनी थांबली की तो रक्तात साठतो. अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होत जातात. डायलिसिसचं यंत्र थोडा काढतं, पण सगळा नाही. आणि हा फॉस्फरस असतो कशात, तर आपण ज्याला ताकद म्हणतो त्या सगळ्यात. दूध, खवा, डाळी, काजू-बदाम, कलेजी. आजारी माणसाला भेटायला येताना लोक पिशवीत जे घेऊन येतात नेमकं तेच.

जेवणाबरोबर अब्बांना एक गोळी घ्यावी लागते. ती पोटात अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. पूर्वी यासाठी ॲल्युमिनियमचं औषध देत. पण ते ॲल्युमिनियमच अंगात साठून इजा करतं असं दिसल्यावर ते मागं पडलं. आता कॅल्शियमच्या आणि इतर गोळ्या आहेत, लोखंडापासून केलेल्याही आहेत. हे वाचलं तेव्हा मी तशीच अंगणात जाऊन उभी राहिले. लोखंड आणि ॲल्युमिनियम, दोघंही फॉस्फरस धरून ठेवणारे. आमचा जांभा अंगणात जे करत होता, तेच ती गोळी अब्बांच्या पोटात करत होती. ज्या कारणानं ही जमीन निकस म्हणवली जाते, त्याच कारणानं माझं झुडूप इथं सुखात होतं. बंगळूरच्या नर्सरीवाल्यानं मला फोनवर विचारलं होतं, "माती कसली आहे?" मी लाजत सांगितलं होतं, "लाल, मुरमाड, काही येत नाही हो तिथं." तो म्हणाला, "मग येईल."

आमच्या सड्यांवर ऑगस्ट-सप्टेंबरात जी फुलं येतात, त्यांची गोष्टही याच जातीची आहे. दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडून खाते. सीतेची आसवं ही जांभळी फुलं पाण्याखाली सूक्ष्म पिशव्या लावून तेच करतात. जमिनीत नाही ते त्या हवेतून नि पाण्यातून मिळवतात. अशा सड्यावर कुणी खत पसरलं तर त्यांच्या जागी गवत माजेल आणि ती फुलं जातील. या जमिनीत काही येत नाही असं नाही. ज्यांना तिची रीत माहीत आहे, ते इथं येतात.

आता ज्यांना हे झुडूप लावायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

जागा पूर्ण उन्हाची हवी आणि पाण्याचा निचरा होणारी. स्फुरदाच्या खालोखाल या झाडाला मारणारी गोष्ट म्हणजे मुळाशी तुंबलेलं पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात तर त्याचीच भीती जास्त. मुळं कुजवणारी बुरशी साचलेल्या पाण्यात वाढते आणि झाड वरून हिरवं दिसत असतानाच खालून गेलेलं असतं. म्हणून मी खड्डा न काढता उंचवटा केला. जांभ्याचे तुकडे, मुरूम आणि वर पालापाचोळा कुजलेली माती, गुडघाभर उंच. उताराच्या वरच्या अंगाला एक छोटी चर, म्हणजे परसातलं पाणी बाजूनं निघून जातं. आळं करायचं नाही. आपल्याला झाडाभोवती आळं करायची इतकी सवय असते की हात आपोआप तसे वळतात. पण पाच हजार मिलिमीटर पावसात आळं म्हणजे हौद.

माती आम्लधर्मी चालते, ती आपल्याकडे आहेच. चुलीतली राख घालू नका. राखेनं मातीचा आंबटपणा जातो आणि तिच्यात स्फुरदही असतो. हाडांचा चुरा, कोंबडखत, १९:१९:१९ यातलं काहीही नको. भांडी धुतल्याचं साबणाचं पाणीही दुसऱ्या झाडाला द्या. दर वर्षी पावसाळ्यानंतर झाडांच्या गळलेल्या पानांचा थर बुंध्यापासून वीतभर लांब पसरायचा, एवढीच माझी खतावणी.

पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतं, आठवड्यातून दोनदा, सावकाश. मूळ धरलं की फारसं लागत नाही. वाऱ्याला मात्र जपा. याचं लाकूड ठिसूळ आहे आणि घाटमाथ्यावरचा जुलैतला वारा फांदी सहज मोडतो. पहिल्या पावसाळ्यात मी तीन बांबूंचा आधार दिला होता आणि बांधताना सुतळी सैल ठेवली होती.

फुलं येऊन गेली की टोकाकडून हलकी छाटणी करायची. त्यानं झुडूप दाट होतं. जुन्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत खोल कापलं तर तिथून फूट येईलच असं नाही. फावडं किंवा कुदळ बुंध्याजवळ चालवू नका, कारण ते झुबके जमिनीच्या अगदी वरच्या थरात, पाचोळ्याखालीच असतात. एकदा लावलं की जागा बदलायची नाही. उचलून दुसरीकडे लावणं त्याला सहन होत नाही.

रोप बियांपासून होतं. बी पंखाचं असतं, एक दिवस पाण्यात भिजवून पेरायचं. पण लाल फुलाचं लालच हवं असेल तर छाट कलम बरं. अर्धवट पिकलेली काडी, मुळं फुटायची पावडर आणि वाळू-कोकोपीटची कुंडी. माझ्याकडे दहातल्या चार लागतात.

दोन गोष्टी जपून. या झाडाची लव काही जणांच्या कातडीला सोसत नाही, पुरळ येतं, म्हणून छाटताना पूर्ण बाह्या घाला. आणि फुलात मध भरपूर असला तरी मुलांना तो चोखू देऊ नका. आपल्याकडची मुलं रानातली फुलं चोखत मोठी होतात. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासीही काही ग्रेव्हिलियांचा मध चोखत आले आहेत, पण कुठल्या झाडाचा घ्यायचा हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. या जातीच्या फुला-फळांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात.

तो मध शिंजिरांसाठी ठेवा. दिवाळीनंतर धुकं निवळलं की सकाळी सातला ते येतात. बारीक फुलातून लाल दोरा आधी वाकून कमानीसारखा बाहेर येतो, टोक आत अडकलेलं. फूल उमलतं तसं टोक सुटतं आणि त्यावर आधीच लागून राहिलेला पराग शिंजिराच्या कपाळाला लागतो. पुढं काही काळानं तेच टोक दुसऱ्या फुलाचा पराग घ्यायला तयार होतं. ऑस्ट्रेलियात हे काम मधखाऊ पक्षी करतात. आमच्या शिंजिरांना कुणी शिकवलं नाही. एका पावसाळ्याआड त्यांना जमलं.

आणखी एक. हवाई बेटांवर हे झुडूप बागेतून सुटून रानात पसरलं आणि तिथल्या झाडांना डोईजड झालं. म्हणून हे अंगणातच ठेवा. सुकलेले तुरे बी पडण्याआधी कापून टाका. सड्यावर, देवराईत, जंगलाच्या कडेला लावायचं नाही. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं, असं कुणाबद्दल कुणी म्हणालं की मला आवडत नाही. आमच्याबद्दल ते कधी कधी म्हटलं जातं. पण माणसाची गोष्ट वेगळी आणि बियांची वेगळी. त्या दोन्ही एका तराजूत घालायच्या नसतात, हे झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी तरी विसरू नये.

झुडूप रस्त्याकडेला आहे. गगनगडावर गगनगिरी महाराजांच्या आश्रमात जाणारे आणि गैबी पिराच्या दर्ग्यात जाणारे, दोघंही याच वाटेनं येतात. तुरे बघून थांबतात. "कुठलं झाड?" आणि लगेच, "खत काय घालता?" काही नाही म्हटलं की विश्वास बसत नाही. एक काका म्हणाले, "ताई, सांगायचं नसेल तर राहू दे."

घरातल्यांना समजावणं त्याहून अवघड. बकरी ईदला कुर्बानीनंतर उरलेलं पुरायचं असतं, ते आम्ही आंब्याच्या आणि नारळाच्या बुंध्याशी पुरतो. आंबा त्यावर जोमानं येतो. फुफू दर वर्षी म्हणते, या लाल झाडालाही थोडं घाला की, त्यानं काय पाप केलंय? तिच्या मते मी त्या झाडावर अन्याय करते. तिचा भाऊ घरात मोजून जेवतो, त्याचाही दोष ती मलाच देते. मागच्या वर्षी ती डबाभर खजूर आणि पाव किलो काजू घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्या भावाला तुम्ही उपाशी मारताय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खरं होतं, आणि अब्बांनी ते काजू खाल्ले असते तर होणारा त्रासही खरा होता.

वाहत्या नदीवर बसून वुजू करत असलात तरी पाणी जास्त वापरू नका, अशी पैगंबरांची शिकवण आम्हाला लहानपणी सांगितली जायची. तेव्हा वाटायचं, नदीला काय कमी पडणार आहे? आता वाटतं, ती गोष्ट नदीसाठी नव्हतीच. भरपूर असतानाही हात आवरता यावा, यासाठी होती. खाऊ घालणं हा आमच्याकडे सवाब आहे आणि तो आहेच. पण समोरच्याला काय सोसतं हे न विचारता वाढलेलं ताट म्हणजे वाढणाऱ्यानं स्वतःचंच समाधान करून घेणं.

तरीही झाड आणि माणूस एक नव्हेत. झुडपाला डीएपीची इच्छा होत नाही. त्याला न घालणं मला जड जात नाही. अब्बांना मात्र ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचा वास येतो. साठ-पासष्ट ईदी त्यांनी तो वाटीवाटीनं खाल्ला आहे. पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्यासाठी पाण्यात शेवया शिजवल्या. त्यांनी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली, बोलले काही नाहीत. त्या दिवशी कागदावरचं सगळं आम्ही पाळलं होतं आणि घरात ईद नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी आहाराच्या बाईंकडे जाऊन नीट विचारलं. त्यांनी हिशेब मांडला. त्या दिवशी दूध दुसरीकडे कुठेच नाही, डाळ नाही, डायलिसिसचा वार जवळचा, गोळी बरोबर. मग दोन चमचे चालतील, खजूर-काजू वगळून. प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो आणि तो त्यांच्या डॉक्टरांनीच करायचा, हे इथं सांगितलंच पाहिजे. पण आमचा तो हिशेब अब्बांना फार आवडला. तीस वर्षं त्यांनी हेच तर केलं होतं, कुणाच्या किती क्षेत्राला किती. आता ते स्वतःच कागदावर आकडे मांडतात. या ईदला त्यांनी दोन चमचे पंधरा मिनिटं पुरवून खाल्ले. फुफू समोर बसून बघत होती. तिनं काही आणलं नव्हतं. म्हणजे आणलं होतं, कपडा आणला होता.

सध्या माझ्याकडे सहा छाट लागले आहेत. पावसाळा संपला की देणार आहे. दोन वैभववाडीला जातील, एक शाळेत, एक त्या कोंबडखतवाल्या आजींकडे परत. प्रत्येक पिशवीला मी चिठ्ठी बांधते, ती अब्बा लिहून देतात, गोदामातल्या जुन्या वळणदार अक्षरात. वर झाडाचं नाव, खाली जागा, ऊन, निचरा. आणि शेवटी, जिथं ते शेतकऱ्यांना खताची मात्रा लिहून द्यायचे, त्या ओळीत : नत्र नको, स्फुरद नको, पालाश नको. पाचोळा घरचा.